क्लास लावावा की स्वतः शिकावं? प्रोग्रामिंग सुरू करणाऱ्या नाशिककरांसाठी

कुठल्याही क्लासची फी भरायच्या आधी तीस दिवस थांबा. बॅच भरत आलीय, ऑफर शनिवारी संपतेय, नंतर फी वाढेल असं काउंटरवर सांगतील. तरीही थांबा. या तीस दिवसांत काय करायचं, एकतिसाव्या दिवशी काय तपासायचं आणि मग क्लास लावायचा की स्वतःच पुढे जायचं हे कसं ठरवायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

दरवर्षी निकाल लागले की आमच्या गल्लीतल्या कोणी ना कोणी काकू विचारतात, "अरे, याला कॉम्प्युटरच्या कुठल्या क्लासला घालू?" कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, नाशिकरोड, सगळीकडे पाट्या लागलेल्या असतात. त्यातली एक निवडून द्यावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी उलट विचारतो, "काकू, त्याने घरी कधी दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघितलाय का?" बहुतेक वेळा नसतोच लिहिलेला.

मी स्वतः शिकायला लागलो तेव्हा मीही लिहिलेला नव्हता. शहरातल्या एका क्लासला सहा महिन्यांची फी एकरकमी भरली. तिसऱ्या महिन्यात शिकवणारे सर पुण्याला नोकरी लागून गेले आणि त्यांच्या जागी आमच्याच आधीच्या बॅचमधला मुलगा उभा राहिला. तो फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा, आम्ही उतरवून घ्यायचो. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम मला तोंडपाठ होता. पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "हाच प्रोग्रॅम शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या छापेल असा करा." मला एक ओळही बदलता आली नाही. वडिलांनी सोसायटीतून काढलेले पैसे होते ते. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय.

पायरी १: कशासाठी शिकायचंय ते ठरवा

ही पायरी लोक टाळतात, पण पुढचा सगळा खर्च हिच्यावर ठरतो.

कॉलेजचा पेपर सोडवायचा असेल तर तुम्हाला लागते ती विषयाची ट्यूशन. नाशिकची बरीचशी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन शिकवणारा माणूस तुम्हाला हवा. त्यासाठी मोठ्या 'करिअर कोर्स'ला पैसे घालू नका.

नोकरी हवी असेल तर एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगतो. मोठ्या कंपन्या कॉलेजातून भरती करताना पहिल्यांदा पदवी आणि गुण बघतात. क्लासचं सर्टिफिकेट पदवीची जागा घेत नाही. पदवी राहून गेली असेल तर ती सोबतीने करा. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहराला लागून, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी २०२१ पासून घरबसल्या करता येते, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. नाशिकमध्ये कामं नाहीत असं नाही. सातपूरला ईएसडीएससारखी डेटा सेंटर चालवणारी कंपनी आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लहान कंपन्याही आहेत. पण जागांचा हिशेब केला तर पुणं फार पुढे आहे, आणि पहिली नोकरी तिकडे करायची घरच्यांची तयारी आहे का हे आत्ताच बोलून घ्या.

स्वतःच्या कामासाठी, म्हणजे दुकानाचा हिशेब, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, कंपनीतले रोजचे एक्सेलचे तक्ते, यासाठी शिकायचं असेल तर तुम्ही सगळ्यात सुखी आहात. काम समोर आहे, घाई नाही. अशांना क्लासची गरज बहुधा पडत नाही.

आणि एक गैरसमज दूर करून टाकू. "एमएस-सीआयटी झालंय, आता प्रोग्रामिंग येईल ना?" असं खूप पालक विचारतात. २००१ साली सुरू झालेला तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो. चांगलाच आहे, पण त्यात प्रोग्रामिंग नाही.

पायरी २: तीस दिवस स्वतःचे

लॅपटॉप नवा घेऊ नका. घरात जुना असेल, चार जीबी रॅमचा असेल, तरी पहिल्या महिन्याला पुरतो. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यावर आरामात चालते. तेही जमत नसेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पुढे घ्यायची वेळ आली तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला सेकंडहँडही चालेल. फक्त मोबाइलवर शिकणारी मुलं मी बघितली आहेत. व्हिडिओ बघण्यापुरतं ते ठीक आहे, पण कंस आणि अवतरणचिन्हं शोधण्यातच जीव जातो. मित्राच्या लॅपटॉपवर रोज तासभर बसता आलं तरी ते मोबाइलपेक्षा बरं.

भाषा पायथॉन घ्या. १९९१ पासूनची आहे, वाक्यरचना सुटसुटीत आहे, आणि पहिल्याच दिवशी काहीतरी चालताना दिसतं. वेबसाइट बनवायचीच ओढ असेल तर जावास्क्रिप्ट घ्या. यावर आठवडाभर वाद घालू नका. पहिल्या महिन्यात जे शिकाल, म्हणजे व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, लिस्ट, ते दोन्हीकडे सारखंच असतं.

कोर्स एकच धरा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल'पासून सुरू करा. त्यातले बरेच धडे मराठी आवाजात आहेत, लहान लहान आहेत, आणि बघता बघता शेजारच्या खिडकीत स्वतः टाइप करायचं अशीच त्यांची रचना आहे. इंग्रजी चालत असेल तर हार्वर्डचा सीएस५० किंवा फ्रीकोडकॅम्प घ्या. दोन्ही फुकट आहेत. थोडं पुढे गेल्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती साठवायच्या रचना, शिकवणारा कोर्स आहे, तो जरूर करा. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी पडते. पण हे सगळं एकदम उघडून बसू नका. तीस दिवसांत तीन कोर्स बदलणारा माणूस तिन्हींचे पहिले चार धडेच पुन्हा पुन्हा बघतो.

रोज एक तास. वेळ ठरलेली असू द्या, सकाळी सहा किंवा रात्री नऊ, तुमचं घर कधी शांत असतं ते तुम्हाला माहीत. तासातली वीस मिनिटं बघायला आणि चाळीस मिनिटं स्वतः लिहायला. कॉपी-पेस्ट अजिबात करायचं नाही, प्रत्येक ओळ बोटांनी टाइप करायची. पहिल्या आठवड्यात टायपिंगच्याच चुका होतील: कुठे कंस बंद केला नाही, कुठे चार जागा सोडायच्या तिथे तीन सोडल्या. त्या चुका शोधताना डोळा तयार होतो.

सोबत दोनशे पानी वही ठेवा. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'कुठे अडलो', उजवीकडे 'कसं सुटलं'. तारखेसकट लिहायचं. एकतिसाव्या दिवशी निर्णय या वहीतूनच घ्यायचा आहे, म्हणून कंटाळा करू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून कोर्समधली उदाहरणं सोडून एक स्वतःचं लहान काम हातात घ्या. याचं एक उदाहरण जवळून सांगतो. निफाड तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे अधूनमधून प्रश्न विचारायला यायची. तिच्या घरचा कांदा लासलगावला जातो. वडील वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या भावाने माल देतात आणि महिन्याअखेर सरासरी काय पडली यावरून घरात चर्चा होते. तिने ठरवलं, हाच प्रोग्रॅम करायचा. दोन भाव विचारायचे आणि बेरीज छापायची, एवढी पहिली पायरी. तिने १८५० टाइप केलं, मग २१००. उत्तर यायला हवं होतं ३९५०. पडद्यावर आलं १८५०२१००.

एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, प्रोग्रॅम सुरळीत चालला आणि उत्तर साफ चुकलं. तासभर ती त्या आकड्याकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की दोन संख्या एकमेकींना चिकटल्या आहेत. पायथॉनमध्ये 'इनपुट'ने जे येतं ते आकडे असले तरी मजकूर म्हणूनच येतं, आणि मजकुरात अधिक चिन्ह म्हणजे जोडणी. 'इंट'मध्ये घालून त्याची संख्या केली तेव्हा बेरीज झाली.

पुढे तिने दोन भावांची बेरीज केली, दोनाने भागलं आणि सरासरी १९७५ काढली. वडील म्हणाले, "बाळा, अठराशे पन्नासने बारा क्विंटल गेला आणि एकवीसशेने वीस. मग सरासरी मधोमध कशी?" बरोबर होतं त्यांचं. बारा क्विंटलचे २२,२०० आणि वीस क्विंटलचे ४२,०००, मिळून ६४,२०० रुपये, भागिले बत्तीस क्विंटल. सरासरी २००६ रुपये २५ पैसे. प्रोग्रॅममध्ये दोन प्रश्न वाढले, एक गुणाकार वाढला. तिच्या वहीत त्या दिवशी डावीकडे लिहिलं होतं: 'वजन विचारलंच नव्हतं.' प्रोग्रामिंगचा मोठा भाग हाच असतो, आणि तो तिला लासलगावच्या बाजारात चाळीस वर्षं माल विकलेल्या माणसाने शिकवला.

तुमचं काम कांद्याचंच असायला हवं असं नाही. भिशीचा हिशेब, घरातल्या गॅस सिलिंडरच्या तारखा, सिटीलिंक बसच्या पासवर महिन्याला किती वाचतात, काहीही चालेल. उत्तर चुकलं तर तुम्हाला ते ओळखता आलं पाहिजे, एवढंच बघा.

चॅटजीपीटीसारख्या एआयबद्दल आता सगळेच विचारतात. पहिल्या महिन्यात त्याला कोड लिहायला सांगू नका. आलेली एरर देऊन 'याचा अर्थ सोप्या भाषेत सांग, उत्तर देऊ नकोस' असं सांगा. त्या कामाला ते उत्तम आहे, मराठीतही सांगतं. पण कोडच लिहून घ्यायला लागलात तर तीस दिवसांनी वहीची डावी बाजू कोरी राहील आणि तुमची परिस्थिती माझ्यासारखी होईल: पाठ आहे, पण बदलता येत नाही.

पायरी ३: एकतिसाव्या दिवशी वही उघडा

आधी दिवस मोजा. तीसपैकी किती दिवस खरोखर बसलात?

दहा-बारा दिवसच बसला असाल आणि बाकीचे 'राहून गेले' असतील, तर तुम्हाला वेळापत्रक बांधून देणारं कोणीतरी लागतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नोकरी करून, घर सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुर्चीत बसण्यासाठी क्लास लागतो. पण मग लहान, स्वस्त, एकाच विषयाचा क्लास लावा. बसण्याची सवय विकत घ्यायला लाखभर रुपये लागत नाहीत.

पंचवीस दिवस बसलात, पण डाव्या बाजूच्या निम्म्या नोंदींना उजवीकडे उत्तरच नाही, किंवा उत्तर 'कुठूनतरी कॉपी केलं' असं आहे, तर तुम्हाला तुमचा कोड बघणारा माणूस हवा आहे. क्लासचा सगळ्यात जास्त फायदा अशा विद्यार्थ्याला होतो. चांगला शिक्षक दोन मिनिटांत सांगतो की तुझी अट उलटी आहे, आणि तुमचे चार दिवस वाचतात.

बहुतेक नोंदी स्वतः सोडवल्या असतील, आणि सोडवताना रात्रीचे साडेदहा कधी वाजले ते कळलं नसेल, तर क्लासचे पैसे ठेवून द्या. पुढचे तीन महिने असेच चाला.

आणि वही उघडायचीच इच्छा होत नसेल, तीस दिवस नुसती शिक्षा वाटली असेल, तर तेही आत्ताच कळलं हे चांगलं झालं. टेस्टिंग, नेटवर्किंग, डिझाइन, कारखान्यातल्या सीएनसी यंत्रांचं प्रोग्रामिंग, किंवा संगणकाशी संबंध नसलेलं काही, रस्ते पुष्कळ आहेत. घरच्यांना वही दाखवा आणि सांगा.

पायरी ४: क्लास बघायला जाताना

माहिती आज फुकट मिळते. तुम्ही पैसे देता ते तीन गोष्टींचे: ठरलेली वेळ, सोबत शिकणारी माणसं, आणि तुमचा कोड वाचणारा शिक्षक. एसी, प्रोजेक्टर आणि भिंतीवरचे फोटो यातल्या एकाही गोष्टीबद्दल काही सांगत नाहीत.

डेमो लेक्चर बहुतेक ठिकाणी सजवलेलं असतं. क्लासचे सगळ्यात चांगले सर त्या दिवशी येतात. म्हणून डेमो झाल्यावर विनंती करा: "मला लॅबच्या वेळी अर्धा तास मागे बसू द्याल का?" लॅबमध्ये बघा. मुलं स्वतःचं लिहितायत की फळ्यावरचं उतरवतायत? सर खुर्चीत बसून आहेत की मुलांच्या मागे फिरतायत? एखाद्या मुलीला एरर आली तर सर कीबोर्ड ओढून घेऊन स्वतः दुरुस्त करतात, की "ओळ वाच, काय म्हणतेय ती?" असं विचारतात? या अर्ध्या तासात सगळं कळतं. बसू द्यायला नकार दिला तर दुसरा क्लास बघा.

शिक्षक ओळखायला मी एक प्रश्न विचारायला सांगतो. पायथॉनमध्ये 'नाशिक' या शब्दाची लांबी मोजून बघा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात: ना, शि, क. पायथॉन सांगतं ५. मग तोच शब्द उलटा करून छापा. 'कशिना' येईल असं वाटतं, पण पडद्यावर येतं 'किशान'. हे घरी करून बघा, खरंच येतं. त्याचं कारण असं की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, न, काना, श, पहिली वेलांटी आणि क अशी पाच वेगवेगळी चिन्हं एकापुढे एक साठवलेली असतात. वेलांटी आपण श च्या आधी काढतो, पण ती साठवली जाते श च्या नंतर. उलटं केलं की ती क ला जाऊन चिकटते आणि काना श ला.

हे घेऊन सरांकडे जा आणि विचारा, "सर, असं का होतं?" त्यांना लगेच उत्तर आलंच पाहिजे असं नाही. "अरे वा, थांब, बघू या" म्हणून जे तिथेच लॅपटॉप उघडतात आणि एकेक चिन्ह वेगळं छापून बघतात, त्यांच्याकडे शिका. "हे सिलॅबसमध्ये नाही" किंवा "मराठी लिहायचंच नाही कोडमध्ये" असं म्हणून जे विषय मिटवतात, त्यांच्याकडे तुमच्या वहीची उजवी बाजू तशीच कोरी राहील.

आणखी काही गोष्टी पटापट बघून घ्या. सी किंवा सी प्लस प्लस या भाषा शिकवत असतील तर पडद्यावर निळा टर्बो सी आहे का? ते १९९० च्या सुमाराचं सॉफ्टवेअर आहे. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाणित रूपच १९९८ साली आलं, म्हणजे टर्बोमध्ये शिकलेला बराचसा कोड आजच्या कंपायलरवर (कोड संगणकाच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जसाच्या तसा चालत नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं लागत असेल तर ठीक, नोकरीसाठी पैसे मोजून ते शिकू नका. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिकवतात का ते विचारा. २००५ पासूनची ही गोष्ट आज जवळपास प्रत्येक कंपनीत रोज वापरली जाते. अभ्यासक्रमाच्या कागदावर जावा, पायथॉन, डेटा सायन्स, एआय, क्लाउड आणि 'फुल स्टॅक' असं सगळं तीन महिन्यांत लिहिलेलं असेल, तर प्रत्येकाची तोंडओळखच होणार. बॅचमध्ये किती जण, हे विचाराच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न: "आठवड्यातून किती वेळा माझा कोड कोणीतरी वाचून चुका लिहून देईल?" याचं उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, पण क्लासने फोन लावून दिलेल्यांशी नको. बॅच सुटायच्या वेळी खाली चहाच्या टपरीवर उभे राहा. मुलं खरं बोलतात. त्यांना एवढंच विचारा, "शिकवणारे सर सुरुवातीपासून तेच आहेत का?" हा प्रश्न मला कोणी तेव्हा सुचवला असता तर.

सरकारी पर्यायही बघून ठेवा, लोकांच्या लक्षात येत नाहीत. आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, फी खूपच कमी. त्यातून मोठा प्रोग्रॅमर तयार होत नाही, पण दहावी-बारावीनंतर पाया घालायला आणि हातात सरकारी प्रमाणपत्र यायला तो उपयोगी आहे. इंजिनीअरिंग किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचा डीएसी हा साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. खर्चिक आहे आणि दमवणारा आहे, पण प्रवेश परीक्षा असल्यामुळे सोबतची मुलं तयारीची असतात, आणि तिथे अर्धं शिक्षण त्या सोबतीतून होतं.

पायरी ५: पैसे आणि कागद

इथे घाई केलेली सगळ्यात महाग पडते.

सांगितलेली फी जीएसटीसकट की जीएसटी वेगळा, हे पहिलं विचारा. खासगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. पन्नास हजार सांगून शेवटी एकोणसाठ हजार झाले की घरात वाद होतात. पावती छापील, जीएसटी क्रमांकासह घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे.

'शून्य टक्के हप्ते' ऐकलं की थांबा. बऱ्याचदा ते हप्ते क्लासचे नसतात. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज निघतं आणि पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी क्लासच्या खात्यात जाते. तुम्ही दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला, किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता तुमच्या खात्यातून कापला जात राहतो, आणि चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं. मोबाइलवर ओटीपी सांगण्याआधी विचारा: कर्ज देणारी कंपनी कोणती, करार कुठे आहे? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जदाराला सुरुवातीला एक 'कूलिंग ऑफ' मुदत मिळते. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत किती दिवसांची, हे कागदावर वाचून घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे महिन्याच्या महिन्याला फी घेणारा क्लास शोधा. तुम्ही शिकलात तरच त्यांना पुढचा महिना मिळतो.

'१०० टक्के नोकरीची हमी' लिहिलेलं दिसलं तर विचारा: हमी म्हणजे काय, आणि नाही लागली तर पैसे परत का, ते लेटरहेडवर लिहून द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोकरीच्या हमीसारख्या खोट्या दाव्यांना मनाई केली आहे. परताव्याची अटही लेखी घ्या.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बंगळुरूच्या ऑनलाइन क्लासविरुद्धसुद्धा नाशिकमध्येच. जाहिरातीचा फोटो, पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा.

पायरी ६: क्लास न लावता पुढे जायचं ठरलं तर

मोकळ्या अभ्यासात दोन खड्डे असतात. एक म्हणजे एकटेपणा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एखादा विषय डोक्यावरून जातो, विचारायला कोणी नसतं, आणि माणूस हळूच सोडून देतो. आणखी एक-दोन जण सोबत घ्या, तुमच्याच पातळीचे. रविवारी सकाळी दोन तास भेटा आणि एकमेकांचा कोड वाचा. तुमच्या भागातली एखादी अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेची मुलं शेजारी बसलेली असली की आपणही उठत नाही. सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था आपल्या शहरात आहे, शांतपणे बसायची सवय लावायला अशा जागांचा फार उपयोग होतो.

दुसरा खड्डा म्हणजे आपली चूक आपल्याला न दिसणं. चालतोय म्हणजे बरोबर आहे असं वाटत राहतं. म्हणून लिहिलेलं सगळं पहिल्या दिवसापासून गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवा आणि ओळखीतल्या, नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरला महिन्यातून एकदा बघायला सांगा. "दादा, माझा हा साठ ओळींचा प्रोग्रॅम आहे, याचं नाव वाचून काही कळतं का, कुठे तुटेल, एवढंच सांगा." असा नेमका प्रश्न असेल तर लोक वेळ देतात. "मला प्रोग्रामिंग शिकवा" म्हटलं तर कोणाकडेच वेळ नसतो.

तीन महिन्यांनी एक गोष्ट पूर्ण झालेली हवी, दुसऱ्या माणसाने वापरलेली. किराणा दुकानदाराने आठवडाभर वापरलेला उधारीचा साधा प्रोग्रॅम मुलाखतीत दाखवा. समोरचा माणूस त्यावर अर्धा तास प्रश्न विचारतो, आणि तुमच्याकडे प्रत्येकाचं उत्तर असतं, कारण दुकानदाराने ते सगळे आधीच विचारलेले असतात.

हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो असंही नाही. चार महिने स्वतः, मग डेटाबेससाठी दोन महिन्यांची संध्याकाळची बॅच, मग पुन्हा स्वतः, असं बरेच जण शिकतात, आणि मला तोच रस्ता सगळ्यात जास्त पटतो.

निफाडच्या त्या मुलीने तेच केलं. तिच्या वहीत डाव्या बाजूला एक नोंद महिनाभर उत्तराविना होती: 'प्रोग्रॅम बंद केला की कालचे भाव जातात कुठे?' ती वही घेऊन ती शहरातल्या तीन क्लासना गेली आणि तिन्हीकडे तोच प्रश्न विचारला. पहिल्या दोन ठिकाणी सांगितलं, ते चौथ्या मॉड्यूलमध्ये येईल, आधी ॲडमिशन घे. तिसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली, म्हणाल्या, "बस, तुझा प्रोग्रॅम दाखव." वीस मिनिटांत तिचे भाव एका फाइलमध्ये साठवले गेले. मॅडमनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला लावला. १८५० आणि २१००, दोन्ही तिथेच होते. फीचं बोलणं त्यानंतर झालं.